माळ्यावरच्या ट्रॉफ्या

ताई, माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहितेय. तो २७ वर्षांचा आहे. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात त्याला सगळे ‘रेसर’ म्हणूनच ओळखतात. मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक शर्यतींत, त्यानं चांगलं नाव काढलं होतं. घरात २३ ट्रॉफ्या आहेत. पहिली गाडी बाबांनी म्हैस विकून घेऊन दिली होती. १४ महिन्यांपूर्वी प्रॅक्टिस करताना एका जंपवर गाडी कमी पडली आणि तो पाठीवर आपटला. टी-५ ला, म्हणजे छातीमागच्या पाचव्या मणक्यापाशी, इजा आहे. ऑपरेशन झालं, पण छातीखाली काही कळत नाही, पाय हलत नाहीत.

तो घरी यायच्या आत बाबांनी ट्रॉफ्या, हेल्मेट, फोटो सगळं खोक्यांत भरून माळ्यावर टाकलं. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. घरात रेसचं नाव काढायचं नाही. तो मात्र रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर जुन्या शर्यती बघतो, आवाज बंद करून. कुणी आलं की फोन पालथा ठेवतो. मामा रोज मुरलीकांत पेटकरांचे फोटो पाठवतात, ‘हिंमत सोडू नको’ म्हणून. आता त्याच्या मित्रांनी ट्रॅकवर त्याचा सत्कार ठरवलाय. ‘झुंजार चॅम्पियन’ असा बॅनरही छापायला दिलाय. त्याला अजून विचारलेलं नाही. मला डेव्हिड बेली या अमेरिकन चॅम्पियनबद्दल वाचायला मिळालं. त्याचंही असंच झालं होतं, आणि नंतर त्यानं केवढं करून दाखवलं! ही गोष्ट भावाला सांगू का? की बाबा म्हणतात तसं जुनं विसरू द्यावं?

अधूनमधून त्याचं डोकं अचानक ठणकतं, तोंड लाल होतं, कपाळावर घाम येतो. आई मीठ-मोहऱ्या ओवाळते. ताई, तुम्ही मला अगं-तुगंच करा.

– एक बहीण

अगं, ट्रॉफ्यांचं, बेलीचं, सत्काराचं सगळं बोलू. पण पत्राच्या शेवटी तू जे सहज लिहून गेलीस ते आधी घेते, कारण ते थांबण्यासारखं नाही.

टी-६ किंवा त्याच्या वर कण्याला इजा असलेल्या माणसाचं डोकं असं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर पहिली शंका ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची घ्यायची. इजेच्या खाली शरीरात काहीतरी बिनसलेलं असतं. बहुतेक वेळा मूत्राशय तुंबलेलं असतं. कधी पोट साफ झालेलं नसतं, कधी बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखम, झालेला असतो, कधी नुसतं अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं असतं. त्याला ते कळत नाही, कारण तो निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. पण खालचं शरीर खवळतं आणि रक्तदाब भराभर चढतो. अशा माणसांचा वरचा आकडा एरवी ९० ते ११० च्या घरात असतो. त्यामुळे १४० बघून कुणी ‘नॉर्मलच आहे’ म्हणेल, पण तुझ्या भावासाठी तो नॉर्मल नाही.

असं झालं की त्याला आडवं करू नका. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा, मोजे, कपडे सैल करा. कॅथेटर असेल तर नळी कुठे दुमडलीय का, पिशवी भरलीय का ते बघा. नसेल तर लघवी काढून घ्या. रक्तदाब दर काही मिनिटांनी बघत राहा, आणि तो उतरत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ हे नाव कागदावर लिहून खिशात ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा, कारण कॅज्युअल्टीतल्या प्रत्येकाच्या ते लगेच लक्षात येईलच असं नाही. आईला मीठ-मोहऱ्या ओवाळू दे, तिचा जीव आहे त्यात. फक्त नळी आधी बघायची. आणि याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा.

आता बेली.

मी २६ वर्षं फिजिओथेरपिस्ट होते, त्यातली बरीचशी कण्याच्या दुखापतीच्या वॉर्डात गेली. बेलीचं नाव मला तिथंच कळलं. एक गॅरेजवाला पेशंट होता, परदेशी बाईकची मासिकं उशाशी घेऊन पडलेला असायचा. त्यानं मला बेलीचा फोटो दाखवला. हवाईच्या काळ्या लाव्हाच्या माळावर हातानं चालवायची सायकल रेटत चाललेला माणूस. मी भारावून गेले. ते पान फाडून घेतलं आणि दुसऱ्याच एका मुलाच्या कॉटसमोर भिंतीवर चिकटवलं. तो बावीस वर्षांचा होता, गावच्या विहिरीत सूर मारताना मान मोडून आलेला. मी त्याला म्हणाले, ‘बघ, हा करू शकतो. मग तू का नाही?’

तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, या माणसाची लघवीची पिशवी कोण बदलत होतं, ते यात कुठं लिहिलंय?’ त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. व्यायाम करायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. पान मी काढून टाकलं, पण मी त्याला काय केलं होतं हे मला कळायला वेळ लागला. तो अजून पहिल्या पायरीशी होता, आणि मी त्याच्यापुढे शिखराचा फोटो लावून ‘चढ’ म्हटलं होतं. मधली वाट मलाही माहीत नव्हती.

ती वाट मी नंतर शोधली. तुलाही ती माहीत हवी, म्हणून सांगते. पण सुरुवात अपघातापासून करणार नाही. बेलीबद्दल जिथंतिथं वाचायला मिळतं ते अपघातापासून सुरू होतं आणि त्याचं गाडी चालवणं एका ओळीत उरकतं. मला ते पटत नाही. आधी तो कसा चालवायचा ते ऐक.

त्याचे सावत्र वडील गॅरी बेली स्वतः मोटोक्रॉस खेळाडू. पुढे ते मोटोक्रॉस शिकवायला लागले, आणि त्यांना लोक ‘प्रोफेसर’च म्हणायचे. त्यामुळे डेव्हिडच्या चालवण्यात शिस्त मुरलेली होती. गुडघ्यात किंचित वाकून गाडीवर उभा, कोपरं वर, डोकं स्थिर, आणि खाली गाडी खड्ड्यांतून हवी तशी नाचतेय. त्या काळातले कितीतरी जण त्याच्याइतकेच वेगात होते, पण धसमुसळे. बेलीकडे बघितलं की हे काम सोपं असावं असं वाटायचं. होंडाच्या संघाकडून १९८३ मध्ये त्यानं अमेरिकेची सुपरक्रॉस आणि मैदानी २५० सीसी, अशी दोन्ही अजिंक्यपदं एकाच वर्षात घेतली. सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये माती टाकून बनवलेला ट्रॅक आणि मोटोक्रॉस म्हणजे उघड्या माळावरचा, हे मी तुला सांगायला नको. १९८४ मध्ये ५०० सीसीचं अजिंक्यपद, १९८६ मध्ये पुन्हा तेच. मोटोक्रॉस द नेशन्स ही देशांच्या संघांची स्पर्धा अमेरिकेनं १९८१ पासून ओळीनं तेरा वर्षं जिंकली, आणि त्यातल्या १९८२ ते १९८६ या पाचही विजयी संघांत बेली होता. १९८६ ची स्पर्धा इटलीत माजोराला झाली. बेली ५०० सीसीवर, रिक जॉन्सन २५० वर आणि जॉनी ओमारा इवल्याशा १२५ वर. ओमारानं त्या छोट्या गाडीवरून ५०० वाल्यांना मागे टाकलं, त्याबद्दल जाणकार अजून बोलतात.

त्याच वर्षी जानेवारीत अनाहाइमच्या स्टेडियममध्ये मोसमाची पहिली सुपरक्रॉस झाली. जॉन्सन नुकताच यामाहा सोडून होंडात आला होता, म्हणजे बेलीचाच सहकारी. दोघं लॅपमागून लॅप एकमेकांना मागे टाकत राहिले. एकानं आतून गाडी घातली की पुढच्या वळणावर दुसरा बाहेरून येऊन ती जागा परत घ्यायचा. शर्यत बेलीनं जिंकली. सुपरक्रॉसमधली सगळ्यात भारी शर्यत कोणती, हा विषय निघाला की आजही तिचं नाव पुढे येतं. त्या मोसमाचं सुपरक्रॉस अजिंक्यपद मात्र जॉन्सननं नेलं आणि ५०० सीसीचं बेलीनं.

जानेवारी १९८७. नवा मोसम तोंडावर आलेला. कॅलिफोर्नियात ह्युरॉन नावाच्या ठिकाणी, सरावात, एका जंपवर तो पडला आणि पाय कायमचे लुळे पडले. पंचविशीतला मुलगा होता. स्टेडियम भरलेलं नव्हतं, अजिंक्यपद पणाला लागलेलं नव्हतं. तुझ्या भावासारखंच, प्रॅक्टिसमध्ये.

यानंतर सगळे लेख उडी मारतात ते थेट हवाईच्या कोना गावाकडे, आयर्नमॅन या शर्यतीकडे. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहायचं, नुसत्या हातांनी. मग १८० किलोमीटर हातसायकल, मग ४२ किलोमीटर रेसिंगची व्हीलचेअर. १९९८ मध्ये बेली तिथं दुसरा आला. पहिला आला कार्लोस मोलेडा, अमेरिकी नौदलाचा माजी कमांडो, १९८९ मध्ये पनामात गोळी लागून पाय लुळे पडलेला. १९९९ मध्ये पुन्हा मोलेडा पहिला, बेली दुसरा. २००० च्या ऑक्टोबरमध्ये बेली जिंकला.

जानेवारी १९८७ ते ऑक्टोबर २००० म्हणजे किती झाले, मोज बरं. पावणेचौदा वर्षं. तुमच्या घरात अजून सव्वा वर्षही झालेलं नाही.

त्या पावणेचौदा वर्षांत रोज काय काय झालं असेल, ते मी अशा इजेच्या शेकडो पेशंटांकडे बघून सांगू शकते. पहिली दोन वर्षं तर शरीराची नव्यानं ओळख करून घेण्यातच जातात. लघवी किती तासांनी काढायची, पोट साफ करायला सकाळचा किती वेळ धरायचा, बसल्या जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन अंग उचलायचं म्हणजे बेडसोअर होत नाही, रात्री कुशी कोण बदलणार, पाय आपोआप झटके मारतात तेव्हा काय करायचं. हे सगळं अंगवळणी पडतं तेव्हा कुठे डोकं दुसऱ्या कशाकडे वळायला मोकळं होतं. बेलीला ते मोकळेपण मिळाल्यावर तो आधी मोटोक्रॉसकडेच परतला, टीव्हीवर समालोचन करायला. पडद्यावर दिसणारा मुलगा गाडी कुठे लवकर वळवतोय, कुठे उगाच घाई करतोय, हे तो सांगायचा, कारण ते त्याला दिसायचं. पाय गेले तरी ती नजर गेली नव्हती.

तुझ्या मामांना हेच सांगायला हवं. पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळालं १९७२ मध्ये. मधली सात वर्षं फोटोत येत नाहीत. पेटकर आपल्या सांगलीकडचे, त्यांचा अभिमान मलाही आहे. पण रोज सकाळी मोबाईलवर येणारा तो फोटो तुझ्या भावाला ‘तू अजून काही केलं नाहीस’ असंच सांगत असणार. मामांना जीव लावायचा असेल तर म्हणावं, महिन्यातून एकदा येऊन त्याच्याशी पत्ते खेळा.

मग बेलीची गोष्ट सांगायची की नाही? अगं, मोटोक्रॉस खेळणाऱ्या मुलाला डेव्हिड बेली माहीत नसेल असं वाटतं का तुला? पूर्वी त्याला जंपवर कोपरं कशी ठेवायची हे कुणीतरी समजावलं असेल, तेव्हाच कदाचित त्यानं ते नाव ऐकलं असेल. रात्री आवाज बंद करून तो जे बघतो त्यात अनाहाइमची शर्यत असेलही. म्हणून सांगू नकोस. विचार. दुपारी, घरात फारसं कुणी नसताना, त्याच्याजवळ बस आणि म्हण, ‘मी बेलीबद्दल वाचलं. १९८६ ला अनाहाइमला तो जॉन्सनला कसा हरवू शकला, ते मला कळलं नाही. दाखव की.’ उत्तर आलं नाही तर तिथंच सोड. चार दिवसांनी, आठवड्यानं, परत विचार. ज्या दिवशी तो फोन सरळ करून तुझ्याकडे वळवेल, त्या दिवशी काही बोलू नकोस, बघत राहा. अपघाताचा, व्हीलचेअरचा, आयर्नमॅनचा विषय तुझ्याकडून काढायचा नाही. त्याला काढायचा असेल तर तो काढेल.

आणि मग त्याच्या स्वतःच्या शर्यती विचार. कुठल्या ट्रॅकची माती चिकट होती, कुठे पावसात गाडी रुतली, कुणाशी टक्कर झाली, कुठल्या ट्रॉफीच्या वेळी तो तिसरा होता आणि शेवटच्या लॅपला पहिला कसा झाला. तू बहीण आहेस. तुला ट्रॉफी मिळाल्याची तारीख ठाऊक असेल, पण ती शर्यत ठाऊक नसेल. ती फक्त त्याच्याकडे आहे. लोक आता त्याच्याकडे त्या एका जंपमधूनच बघतात. त्याच्या हजारो जंपा नीट उतरल्या, एक उतरली नाही. घरात आठवण ठेवायची असेल तर उतरलेल्या जंपांची ठेवा, आणि ती त्याच्याच तोंडून ऐका.

तो स्वतःच कधीतरी त्या एका जंपबद्दल बोलेल. तेव्हा ‘जाऊ दे, झालं ते झालं’ म्हणू नकोस. त्याला ते मोजून बघायचं असतं, वेग किती होता, गिअर कुठला होता, माती कशी होती. माझ्या वॉर्डातले लोक तोच क्षण मला पुनःपुन्हा सांगायचे, दर वेळी थोडा वेगळा. आपण फक्त ऐकायचं असतं. आपल्याला उत्तर द्यायचं नसतं.

बाबांबद्दल. मला त्यांचा राग येत नाही, तूही धरू नकोस. म्हैस विकून गाडी घेतलेला माणूस आहे तो. घरातल्या प्रत्येक ट्रॉफीत त्यांना ती गाडी दिसत असणार आणि प्रत्येक गाडीत ती जंप. मुलाला त्रास होऊ नये म्हणून खोकी माळ्यावर गेली असं ते म्हणतील, आणि ते खरंच असेल. पण त्यांनाही ते बघवत नव्हतं, हेही असेल. ‘गाडी तुम्ही घेऊन दिलीत म्हणून हे झालं’ असं तुमच्या घरात कुणी बोलत नसेल, तरी ते रोज स्वतःला म्हणत असतील. तुझ्या भावानं एकदा बाबांना सांगायला हवं की ती गाडी मिळाली म्हणून मी रेसर झालो. पण ते त्याच्याकडून यायला वेळ लागेल. तोवर तू बाबांना सांग की तो रात्री शर्यती बघतो. कदाचित त्यांना माहीत नसेल. मुलगा विसरायला तयार नाही, हे कळलं तर लपवाछपवीचं ओझं त्यांच्याही डोक्यावरून उतरेल. आणि गोठ्यातली गाडी त्याला विचारल्याशिवाय विकू नका. कितीही पैशांची नड असली तरी आधी त्याला विचारा. गाडी त्याची आहे.

सत्कार थांबव. मित्रांचा हेतू चांगला आहे, आणि तू त्यांना तसं सांगच. पण एवढ्या गर्दीसमोर, ज्या मातीत पडला त्याच मातीत, कुणीतरी उचलून स्टेजवर चढवायचं आणि माईकवर ‘झुंजार’ म्हणायचं, हे न विचारता करायचं नसतं. बॅनरचे पैसे वाया गेले तर जाऊ देत. मित्रांना म्हणावं, दोघं-दोघं या, चहाला या, आणि तुमच्या प्रॅक्टिसचे व्हिडिओ घेऊन या. त्याला विचारा, हे वळण बरोबर घेतलं का. तो ‘चूक’ म्हणाला तर वाद घाला, जसा पूर्वी घालायचात. टोनी डिस्टेफानो नावाचा एक चॅम्पियन होता, १९७५ ते १९७७ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेचा २५० सीसी विजेता. १९८८ मध्ये त्याचेही पाय गेले. मोटोक्रॉस शिकवण्याची त्याची शाळा होती, ती त्यानं त्यानंतरही चालू ठेवली. तुझ्या भावानं कोच व्हावं असं मी म्हणत नाही. तो काय होईल ते तो ठरवेल. पण त्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते दुसऱ्याच्या कामाचं आहे, एवढं त्याला कळलं पाहिजे, आणि ते बॅनरवर छापून कळत नाही.

कधी ट्रॅकवर जावंसं वाटलं तर जाऊ दे, पण सकाळी लवकर. टी-५ च्या इजेत शरीराच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, त्यामुळे उन्हात अंग झपाट्यानं तापतं. पाण्याचा स्प्रे, टोपी, सावली, व्हीलचेअरवर चांगली उशी, आणि लघवीची सोय आधी बघून ठेवायची. शेवटची गोष्ट सगळ्यात आधी ठरवा. त्या एका काळजीपायी माणसं वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाहीत.

आता एक अवघड गोष्ट. रात्री दोनपर्यंतचं जागरण, पालथा फोन. हे नुसतं दुःख असेल, पण त्याहून जास्तही असू शकतं. त्याला सरळ विचार, ‘तुला कधी जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही. आलेला असेल तर बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि दुसऱ्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं, रात्रीही लागतो. तुला स्वतःलाही लागेल तेव्हा तूही फोन कर. पत्रात तू आईचं, बाबांचं, मामांचं, मित्रांचं लिहिलंस, पण तुझं काहीच लिहिलेलं नाहीस.

आणि त्याला त्याच्यासारख्या एखाद्याशी बोलू द्या. माझ्यासारखी पायांवर उभी असलेली बाई कितीही वर्षं त्या वॉर्डात काम केलेली असली तरी काही गोष्टी व्हीलचेअरवरचा माणूसच व्हीलचेअरवरच्या माणसाला सांगू शकतो. मुंबईत कण्याची इजा झालेल्यांसाठी नीना फाउंडेशन काम करतं. हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, तिथंही दाखवता येईल. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढून घ्या, पुढच्या प्रत्येक सवलतीला तेच लागतं. हातानं चालवायची कार, तीनचाकी स्कूटर, हे आज ना उद्या तो स्वतःच विचारेल. गाडीशी खेळणारा मुलगा आहे. क्लच आणि ब्रेक हातावर कसे आणतात, हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळेल.

त्या विहिरीवाल्या मुलाचं पुढे काय झालं, हे तुझ्या मनात आलं असेल. वॉर्ड सोडताना त्यानं मला एक गोष्ट मागितली. ते फाडलेलं पान. मी ते टाकलं नव्हतं, ड्रॉवरमध्ये होतं. कशाला हवंय, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि गेला.

ट्रॉफ्यांचं त्यालाच विचार: खाली काढू का, आणि काढल्या तर कुठे ठेवू. ‘राहू देत तिथंच’ म्हणाला तर राहू देत, ते ठरवणं त्याचं आहे. ‘काढ’ म्हणाला तर एकटी माळ्यावर चढू नकोस. बाबांना हाक मार आणि शिडी धरायला सांग.